अपृष्ठवंशींचा कुलवृत्तान्त

ग्रंथालयाच्या कपाटांत प्राणिशास्त्राची पुस्तके ज्या क्रमाने लावलेली असतात, त्या क्रमातही एक जुना इतिहास दडलेला आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तीत प्राणिशास्त्राला ५९० हा अंक मिळाला. त्यातील ५९२ ते ५९५ हे चार अंक पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांसाठी आणि ५९६ ते ५९९ हे चार अंक कणा असलेल्या प्राण्यांसाठी राखलेले आहेत. वाटणी वरकरणी समसमान दिसते. सृष्टीतील हिशेब मात्र अगदी निराळा आहे. आजवर ज्यांचे शास्त्रीय वर्णन झाले आहे, अशा प्राणिजातींपैकी शंभरात पंच्याण्णवाहून अधिक जाती कणा नसलेल्यांच्या आहेत. मासे, बेडूक, साप, पक्षी आणि माणसासह सारे सस्तन प्राणी मिळूनही उरलेले पाच पुरते भरत नाहीत.

एवढ्या मोठ्या समुदायाला ‘अपृष्ठवंशी’ हे एकच नाव असावे, आणि तेही त्यांच्यापाशी काय नाही हे सांगणारे असावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. या समुदायाच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे नकारार्थी नावाकडून होकारार्थी नावांकडे झालेला सुमारे तेवीसशे वर्षांचा प्रवास होय. या प्रवासातील काही महत्त्वाचे टप्पे पॅरिस किंवा लंडन येथे नव्हे, तर मुंबईच्या तळ्यांत, नागपूरच्या माळावर, सातारा जिल्ह्यातील ओढ्यांत आणि बालाघाटसारख्या वनप्रदेशातील पळसाच्या फांद्यांवर आढळतात.

उणिवेवरून पडलेली नावे

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन भाग केले: रक्त असलेले व रक्त नसलेले. रक्त म्हणजे त्याच्या लेखी लाल रक्त. रक्तहीनांचे त्याने पुन्हा चार गट पाडले. माकूळासारखे मऊ देहाचे, खेकड्यासारखे नरम कवचाचे, शंखशिंपल्यांसारखे कठीण कवचाचे आणि अंगावर खाचा असलेले कीटक, असे ते गट होत. गट विचारपूर्वक केलेले होते. पण त्या सर्वांना एकत्र बांधणारा धागा मात्र अभावाचा होता.

भारतीय परंपरेत आयुर्वेदाने जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे जन्मप्रकारावरून भेद केले. जैन तत्त्वचिंतकांनी याहून सूक्ष्म कसोटी लावली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची मांडणी त्यांच्या इंद्रियांच्या संख्येवरून केलेली आहे. कृमी, शंख व जळू यांना स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये. मुंगी, ऊ व ढेकूण यांना घ्राणासह तीन. भुंगा, माशी व विंचू यांना चक्षूसह चार. आणि त्यापुढे श्रवणासह पंचेंद्रिय प्राणी. या मांडणीमागे अहिंसेची व्यावहारिक निकड होती. कोणत्या जीवाला इजा केल्याने किती वेदना होते, हे ठरविल्याशिवाय आचारधर्म ठरविता येत नव्हता. आज ज्यांना अपृष्ठवंशी म्हणतात त्यांपैकी बहुतेक सारे दोन ते चार इंद्रियांच्या गटांत येतात आणि या तिन्ही गटांना मिळून ‘विकलेंद्रिय’ अशी संज्ञा आहे. म्हणजे येथेही समाईक नाव पुन्हा उणिवेचेच! मात्र पोटभेद करताना ‘काय आहे’ हे मोजले गेले, हा या पद्धतीचा विशेष मानावा लागतो.

आधुनिक वर्गीकरणाचे जनक मानले जाणारे स्वीडनचे कार्ल लिनिअस यांनी १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती सिद्ध केली. तीत प्राण्यांचे सहा वर्ग आहेत. सस्तन, पक्षी, उभयचर व मत्स्य हे चार वर्ग कणा असलेल्यांचे आणि उरलेले दोन म्हणजे ‘कीटक’ व ‘कृमी’. कोळी, विंचू व खेकडे हे सर्व त्यांनी कीटकांत घातले. गांडूळ, गोगलगाय, शिंपला, तारामासा असे जे कोठेच बसेना, ते ‘कृमी’ या वर्गात जमा झाले. घरातील अडगळीच्या खोलीसारखीच या वर्गाची अवस्था होती.

लामार्क यांची अडगळ

ही अडगळ आवरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते झां बाप्तीस्त लामार्क मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, पॅरिसच्या राजोद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले आणि कीटक, कृमी व सूक्ष्म प्राण्यांचे अध्यापकपद लामार्क यांना देण्यात आले. त्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. प्रतिष्ठित विद्वानांना या क्षुद्र जीवांत फारसे स्वारस्य नव्हते. लामार्क यांनी मात्र पुढील पाव शतक त्यांच्या अभ्यासास वाहिले.

‘पृष्ठवंश नसलेले प्राणी’ हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला. १८०१ मध्ये त्याच नावाचा त्यांचा ग्रंथ निघाला. कवचधारी खेकड्यांना त्यांनी कीटकांपासून अलग केले. आठ पायांच्या कोळी-विंचवांचा निराळा वर्ग केला. गांडूळ-जळवांसारख्या वलयांकित प्राण्यांना इतर कृमींतून बाहेर काढले. लिनिअस यांच्या दोन वर्गांचे १८०९ पर्यंत दहा वर्ग झाले होते. १८१५ ते १८२२ या काळात त्यांचा सात खंडांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे अखेरचे खंड सिद्ध होत असताना त्यांची दृष्टी गेली होती. ते तोंडी सांगत आणि त्यांची मुलगी लिहून घेई.

या दूरच्या विद्वानाचा बालाघाटशी काय संबंध, असे कोणी विचारील. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींबरोबर ओल्या मातीवर मखमलीसारखे लालभडक जीव दिसू लागतात. संस्कृतात त्यांना इंद्रगोप म्हणतात, हिंदीत बीरबहूटी, तर मराठीत मृगाचा किडा. त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात. लामार्क यांच्या विभागणीनुसार हा ‘किडा’ किडा नसून कोळ्यांच्या कुळातला ठरतो. वैनगंगेसारख्या नद्यांत आणि तलावांत सापडणारा नेहमीचा मोठा शिंपला शास्त्रात ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘मार्जिनॅलिस’ हे जातिनाम १८१९ मध्ये लामार्क यांनीच दिलेले आहे.

लामार्क यांचे सहकारी व प्रतिस्पर्धी जॉर्ज कुव्हिए यांनी १८१२ मध्ये सर्व प्राण्यांचे चार शाखांत विभाजन केले: पृष्ठवंशी, मृदुकाय, खंडयुक्त देहाचे आणि त्रिज्येप्रमाणे अवयवांची रचना असलेले. चारांपैकी तीन शाखा कणाहीनांच्या! कणा असणे हा अनेक देहयोजनांपैकी केवळ एक प्रकार आहे, ही गोष्ट कुव्हिए यांच्या मांडणीने प्रथम ठसठशीतपणे पुढे आली. ड्यूई यांच्या ५९३, ५९४ व ५९५ या अंकांवर याच शाखांची छाप आहे.

मुंबईची तळी आणि स्पंज

स्पंज हा प्राणी की वनस्पती, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिटलेला नव्हता. तो हलत नाही, त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. रॉबर्ट ग्रँट यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील स्पंजांत पाणी बारीक छिद्रांतून आत जाते व मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते, हे १८२५ च्या सुमारास दाखविले होते. तरी शंका उरलीच होती.

या वादात मुंबईतून मोलाची भर पडली. हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारच्या सेवेतील शल्यवैद्य मुंबईत राहत होते. शहरातील तळ्यांत गोड्या पाण्याचे स्पंज वाढत. कार्टर त्यांचे तुकडे घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली दिवसेंदिवस पाहत. उन्हाळ्यात तळी आटली की स्पंज मरे. पण मागे बीजासारखे कठीण गोलक उरत आणि पाणी आल्यावर त्यांतून नवा स्पंज उगवे. वनस्पतीचा पक्ष घेणाऱ्यांना हा बळकट पुरावा वाटे. परंतु त्या गोलकांतून बाहेर पडणाऱ्या पेशी अमीबाप्रमाणे सरपटताना व आकार बदलताना कार्टर यांनी पाहिल्या. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांचे ‘प्राणित्व’ हा शब्द आहे. तेथील एका जातीला पुढे ‘कार्टरी’ हे नाव मिळाले. तीच जात देशाच्या अनेक भागांतील तळ्यांत आढळते.

लाखेचे नाव काय?

कार्टर यांची दृष्टी तळ्यांपुरती मर्यादित नव्हती. मुंबईतील सीताफळाच्या झाडांवर त्यांना लाखेचे किडे आढळले आणि १८६१ मध्ये त्यांनी या किड्याच्या जीवनक्रमावर निबंध लिहिला. येथे हा इतिहास थेट बालाघाटच्या वनात येऊन पोहोचतो.

लाख हे या जिल्ह्याचे जुने वनोत्पन्न आहे. पळस, बोर व कुसुम या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर बीजलाख बांधली जाते. तीतून बाहेर पडलेली तांबडी, जेमतेम दिसणारी पिल्ले डहाळीवर पसरतात, सोंड सालीत खुपसून रस पिऊ लागतात आणि आपल्या देहातून राळ पाझरवून स्वतःला कोंडून घेतात. मादीचे पाय झडतात. डोळे व शृंगिका नाममात्र उरतात. ती जागची हलत नाही. पाहणाऱ्याला दिसते ती फक्त फांदीवरची खरखरीत पुटी. ती पुटी म्हणजे झाडाचा डिंक, असे लोकांनी शतकानुशतके मानले असल्यास नवल नाही. अथर्ववेदातील एका सूक्तात लाक्षेला उद्देशून स्तवन आहे. तेथेही ती झाडांवर चढणारी, जखमा भरून काढणारी औषधी आहे.

पाटणा येथील जेम्स कर यांनी १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लाखेच्या कीटकाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला लिनिअस यांच्या ‘कॉकस’ या प्रजातीत बसविले. तेथून त्याच्या नामांतराची लांब साखळी सुरू झाली. १८७४ मध्ये सिन्योरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने कार्टर यांच्या गौरवार्थ ‘कार्टेरिया’ ही नवी प्रजाती केली. परंतु तेच नाव दुसऱ्या जीवाला आधीच दिलेले असल्यामुळे ते टिकले नाही. १८८६ मध्ये ब्लांशार यांनी ‘टॅकार्डिया’ हे नाव सुचविले. पाँडिचेरीहून १७०९ मध्ये लाखेविषयी लिहिणाऱ्या ताशार या जेझुइट पाद्र्याची ती स्मृती होती. पुढे ओकेन या जर्मन पंडिताने १८१५ मध्येच ‘लॅसिफर’ हे नाव दिल्याचे आढळले आणि काही काळ तेच चालले. मात्र ओकेन यांचा तो ग्रंथ नामकरणाच्या नियमांत बसत नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५६ मध्ये दिला. अखेरीस इटलीच्या तार्जोनी-तोझेत्ती यांनी १८८४ मध्ये योजिलेले ‘केरिया’ हे नाव ग्राह्य ठरले. ते प्रथम वर्णनकर्ते कर यांच्या सन्मानार्थ आहे.

नावांचा हा खटाटोप पंडितांचा वेळकाढूपणा वाटण्याचा संभव आहे. पण लाखेवरील संशोधन शोधू पाहणाऱ्या वाचकाला त्याची किंमत ताबडतोब कळते. एका काळच्या पुस्तकात ‘टॅकार्डिया लॅका’, दुसऱ्या काळच्या पुस्तकात ‘लॅसिफर लॅका’, आजच्या पुस्तकात ‘केरिया लॅका’. ही तिन्ही नावे एकाच जीवाची आहेत हे ठाऊक नसेल, तर शंभर वर्षांचे ज्ञान कपाटात असूनही हाती लागत नाही. वर्गीकरणातील स्थानही असेच उपयोगाचे आहे. लाखेचा कीटक ढेकूण, मावा व पिठ्या ढेकूण यांच्या गणातला, म्हणजे सोंडेने रस शोषणारा. तो पाने कुरतडीत नाही. म्हणून त्याच्यासाठी रसरशीत कोवळी डहाळी हवी, म्हणून झाडांची छाटणी वेळेवर हवी. शेतकऱ्याच्या अनुभवाने जे ठरविले, त्याचे कारण वर्गीकरण सांगते. उलट ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणारा कोशाचा किडा पतंगांच्या गणातला. त्याची अळी पाने खाते, म्हणून त्याला भरगच्च पालवी लागते. एकाच वनातील या दोन उद्योगांची रीत वेगळी आहे, कारण त्या दोन किड्यांची कुळे वेगळी आहेत.

नागपूरचे शंख, साताऱ्याची छत्री

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, शिवनी व भंडारा यांचे भाग काढून तयार झाला आणि १९५६ पर्यंत त्याची प्रशासकीय व शैक्षणिक राजधानी नागपूर हीच होती. त्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे शिक्षणकार्याइतकेच भूशास्त्रासाठीही ओळखले जातात. सीताबर्डीजवळच्या टाकळी येथे, काळ्या अग्निजन्य खडकाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात, १८५१ मध्ये हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे असंख्य जीवाश्म मिळाले. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी या शंखांच्या नव्या जातींची वर्णने तत्कालीन प्रथेप्रमाणे लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये बोरीजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना त्यांचा बुडून मृत्यू झाला.

या इवल्या शंखांवर फार मोठा प्रश्न अवलंबून होता: दख्खनचे पठार घडविणारा लाव्हा केव्हा वाहिला? शंख ज्या कुळात बसवावेत, त्यावरून थराचे वय ठरणार होते. हिस्लॉप यांनी ते थर तृतीयक कालखंडातले मानले. आजच्या मोजमापानुसार लाव्ह्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्या सुमारास झाला. २००८ मध्ये जोसेफ हार्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्लॉप यांच्या लॅटिन वर्णनांचा नव्याने अभ्यास करून त्या जातींची फेरतपासणी केली. दीडशे वर्षांपूर्वीचे काळजीपूर्वक लिहिलेले वर्णन आणि जपून ठेवलेला नमुना कधी वाया जात नाही, हे त्यातून दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कुलवृत्तान्तात एका मराठी नावाची भर पडली. मालवण येथे १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्या वेळी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या प्रवाहांत त्यांना गोड्या पाण्यातील छत्रीसारखा पारदर्शक प्राणी आढळला. ‘लिम्नोक्निडा’ या प्रजातीची ही जेलीमाशी तोपर्यंत केवळ आफ्रिकेतून माहीत होती. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये तिचे ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नामकरण केले. आफ्रिका व भारत यांच्या प्राणिसृष्टीतील नात्याचा विचार करणाऱ्यांना या शोधाने नवे साधन दिले. आघारकर पुढे कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीत अग्रणी ठरले. ॲनंडेल हे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक होते.

तरीही भारतीय विद्यार्थी वर्गात विलायती गांडुळाचीच वर्णने पाठ करीत असे. ही उणीव लखनौचे प्रा. कर्मनारायण बहल यांनी ओळखली. भारतीय प्राण्यांवरील पुस्तिकांची माला त्यांनी सुरू केली आणि १९२६ मध्ये भारतीय गांडुळावरील पहिली पुस्तिका स्वतः लिहिली. त्याच मालेत बेनीप्रसाद यांची ‘पिला’ या तळ्यातील गोगलगायीवरील पुस्तिका निघाली. त्यानंतर धानाच्या बांधीतला जीव आणि पुस्तकातला जीव एकच झाला.

अडगळीचा शेवट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कणा असलेले व नसलेले यांमधील भिंतच खचू लागली. रशियाचे अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी १८६६ मध्ये दाखवून दिले की, खडकाला चिकटून राहणाऱ्या पिशवीवजा सागरी प्राण्याच्या पिल्लाच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. म्हणजे कणा नसलेला हा जीव कुळाने माणसाच्या बाजूचा ठरला. ‘अपृष्ठवंशी’ हे एका कुळाचे नाव नसून, एक कूळ वगळून उरलेल्या साऱ्यांचे नाव आहे, हे यातून स्पष्ट झाले.

आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेने याहून मोठा धक्का दिला. खंडयुक्त देहामुळे गांडूळ व कीटक हे जवळचे आप्त, असे कुव्हिएंपासून मानले जाई. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कीटक, खेकडे व सूत्रकृमी यांना ‘कात टाकणारे’ या एका गटात आणले. गांडूळ मात्र गोगलगाय व शिंपल्यांच्या बाजूला गेले. पावसाळ्यात एकाच बांधावर दिसणारे गांडूळ आणि गोगलगाय हे परस्परांचे दूरचे भाऊबंद आहेत. शेजारून जाणारी गोम त्यांच्या घरची नव्हे.

आजच्या विज्ञानात अपृष्ठवंशींचे तीसहून अधिक संघ मानले जातात. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यांतील प्रमुख संघांना रंध्रीय, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी अशी नावे दिली आहेत. ही सारी नावे होकारार्थी आहेत. कोणाला छिद्रे आहेत, कोणाला वलये, कोणाच्या पायांना सांधे, कोणाच्या कातडीवर काटे, हे ती सांगतात. बालाघाटच्या वाचकाला या शब्दांचा आणखी एक पदर जाणवतो. घरी मराठी व शाळेत हिंदी अशा वळणाने वाढलेल्या मुलाला ‘अपृष्ठवंशी’ आणि ‘अकशेरुकी’, ‘कंटकचर्मी’ आणि ‘शूलचर्मी’ असे दुहेरी शब्द भेटतात. ‘संधिपाद’ मात्र दोन्हीकडे सारखाच. दोन भाषांच्या सीमेवरील ग्रंथालयात दोन्ही परिभाषांचे ग्रंथ शेजारी असणे, हे अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने चैनीचे नव्हे, तर गरजेचे आहे.

वर्गीकरण म्हणजे प्रत्येक वस्तूला तिच्या गुणांनुसार जागा देणे आणि ती जागा पुढच्या माणसाला सापडेल अशी नोंद करणे. कर, कार्टर, हिस्लॉप, आघारकर यांनी जे केले, ते मुळात हेच होते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या जाण्याची नोंदही होत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव-बोड्या, वने आणि धानाच्या बांध्या यांत राहणाऱ्या बिनकण्याच्या जीवांची पुरती गणती अजून व्हावयाची आहे. ती करणाराला पहिली ओळख पुस्तकातून होईल, आणि ते पुस्तक ५९२ ते ५९५ या अंकांच्या कपाटात त्याची वाट पाहत असेल.